कापूस, कार्ड आणि ३१ मार्च : धरणगाव तालुक्यातील एका घराच्या कर्जफेडीचे प्रकरण

धरणगाव तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या सहा माणसांच्या कुटुंबाने जून २०२३ पासून वर्षभर आपल्या कर्जाचा आणि घरखर्चाचा हिशेब गूगल शीट्समध्ये ठेवला. त्या वर्षात कोणते निर्णय झाले आणि ते कोणत्या आकड्यांवरून झाले, याची ही नोंद आहे. कुटुंबाच्या संमतीने ती लिहिली असून माणसांची आणि गावाची नावे दिलेली नाहीत. बहुतेक रकमा जवळच्या पूर्ण आकड्यात घेतल्या आहेत. हिशेबाची मांडणी करताना मी त्यांच्याबरोबर होतो, निर्णय मात्र सगळे त्यांचे आहेत.

प्रकरण लिहून काढण्याजोगे वाटले ते एका कारणाने. एक पाय नोकरीत आणि एक पाय शेतीत असलेली घरे खान्देशात गावोगाव आहेत, पण कर्जफेडीविषयी जे सांगितले जाते ते बहुतेक सगळे दरमहा ठरलेला पगार मिळणाऱ्यासाठी असते. महिन्याचे अंदाजपत्रक करा, जास्त व्याजाचे कर्ज आधी फेडा, एवढ्यावर तो सल्ला संपतो. ज्या घरात निम्मा पैसा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत येतो आणि ज्या घराचे सर्वांत स्वस्त कर्ज एका तारखेनंतर अचानक महाग होते, त्या घराला हा सल्ला अपुरा पडतो. कसा पडतो, हे या घराच्या आकड्यांत स्पष्ट दिसते.

घर आणि मिळकत

घरात नवरा-बायको, नवऱ्याचे आईवडील आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. नवरा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या चटया तयार करणाऱ्या कारखान्यात पाळीचा पर्यवेक्षक आहे आणि त्याच्या हातात महिन्याला २६,००० रुपये येतात. बायको घरी शिवणकाम करते, त्यातून सरासरी ३,५०० रुपये मिळतात. वडिलांच्या नावावर पाच एकर जमीन आहे. त्यांपैकी साडेतीन एकरांत कापूस आणि दीड एकरात मका असतो. शेत वडील पाहतात, पैशाचे व्यवहार मुलगा आणि वडील दोघेही करतात, आणि गोंधळाचे एक मूळ तिथेच होते.

नवऱ्याने आधी मोबाइलवर एक तयार अंदाजपत्रक उतरवून घेतले होते. त्यात बारा महिन्यांचे बारा रकाने होते. किराणा ६,५००, दूध १,८००, शाळा आणि शिकवणी २,२००, मोटारसायकलचे पेट्रोल २,०००, वीज, गॅस व मोबाइल २,३००, वडिलांची औषधे १,५००, इतर २,५००, असा १८,८०० रुपयांचा घरखर्च आणि ९,६०० रुपयांचे हप्ते त्याने भरले. २९,५०० मधून २८,४०० वजा जाऊन दरमहा १,१०० रुपये शिल्लक दिसत होते. म्हणजे तक्त्याच्या मते या घराची काहीच अडचण नव्हती. आकडे खरे होते, पण त्या बारा रकान्यांत कापूस, खत, सोसायटी (पीक कर्ज देणारी गावची सहकारी संस्था) आणि मार्चअखेर यांना जागाच नव्हती.

सगळी देणी एका पानावर

पहिले काम ठरले ते खर्च लिहिण्याचे नव्हे, तर देणी लिहिण्याचे. देणे किती, असे विचारल्यावर नवऱ्याचे उत्तर अडीच लाख असे होते. त्याने पतसंस्था, सोनेतारण, क्रेडिट कार्ड आणि मोबाइलचे हप्ते धरले होते. सोसायटीचे पीक कर्ज त्याच्या लेखी कर्जच नव्हते. वडिलांचे म्हणणे होते, ‘ते दरसालनं शे’, म्हणजे ते दरवर्षीचेच आहे. कृषी केंद्राची उधारी वडिलांच्या डोक्यात होती, आणि बायकोच्या भावाकडून घेतलेले हातउसने तिच्या एकटीच्या मनाला लागून राहिले होते. तिघांनी एकत्र बसून सगळे सांगितले, तेव्हा एकूण ४,५१,२५० रुपये निघाले. जवळजवळ दोन लाखांचे देणे असे होते, जे कोणा ना कोणाला माहीत होते, पण कोणाच्याच हिशेबात नव्हते.

| देणे | शिल्लक (रु.) | वार्षिक दर | मुदत | मुदत चुकल्यास |
|---|---|---|---|---|
| क्रेडिट कार्ड | ४८,००० | ४९.५% (जीएसटीसह) | दरमहा | दंड, व्याज चालूच |
| पतसंस्था | १,०७,२५० | १५% | हप्ता ५,२००, मे २०२५ पर्यंत | दंड व्याज |
| कृषी केंद्र | ३६,००० | सुमारे १०.५% | माल विकल्यावर | पुढची उधारी बंद |
| सोनेतारण | ९०,००० | १०% | मार्च २०२४ | व्याज भरून नूतनीकरण शक्य |
| सोसायटीचे पीक कर्ज | १,२०,००० | ०% | ३१ मार्च २०२४ | ७%, शिवाय नवे कर्ज अडते |
| मोबाइलचे हप्ते | १०,००० | ०% | हप्ता २,०००, ऑक्टोबरपर्यंत | दंड |
| हातउसने (मेहुणा) | ४०,००० | ०% | आखाजी (अक्षय्य तृतीया), मे २०२४ | नाते |

या तक्त्यातील दराचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. कोणी दर वर्षाचा सांगतो, कोणी महिन्याचा, आणि गावातला माणूस ‘शेकडा दोन’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ वर्षाला २४ टक्के असतो. कार्डाच्या पत्रकावर ३.५ टक्के लिहिलेले होते आणि घरात ते पतसंस्थेच्या १५ टक्क्यांपेक्षा स्वस्त समजले जात होते. ते महिन्याचे असल्यामुळे वर्षाला ४२ टक्के होतात, आणि व्याजावर १८ टक्के जीएसटी लागत असल्याने प्रत्यक्षात साडेएकोणपन्नास टक्क्यांपर्यंत जातात. म्हणून सगळे दर वार्षिक करूनच लिहायचे, हा पहिला नियम झाला.

कृषी केंद्राच्या उधारीवर व्याज नाही, असे वडील म्हणत होते. परंतु रोखीने घेतल्यास दुकानदार बिलावर पाच टक्के कमी करत होता आणि उधारी सरासरी सहा महिने चालत होती. १०० रुपयांचा माल रोखीने ९५ रुपयांना मिळत असेल, तर ९५ रुपये सहा महिने वापरण्याचे पाच रुपये पडतात, म्हणजे वर्षाला साधारण साडेदहा टक्के. दुकानदाराने यात काही लपवले नव्हते. तो भाव त्याने उघड सांगितला होता, फक्त तो व्याज म्हणून कोणी मोजला नव्हता.

पतसंस्थेचा हप्ता शीटमधील पीएमटी (हप्ता काढण्याच्या) सूत्राने पडताळून पाहिला. दीड लाख, १५ टक्के आणि ३६ महिने घातल्यावर ५,२०० रुपयेच आले, त्यामुळे व्याज घटत्या शिल्लकीवर लागत असल्याची खात्री झाली. ही पडताळणी प्रत्येकाने करावी असे मला वाटते, कारण व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागत असेल तर तोच १५ टक्क्यांचा आकडा कितीतरी महाग पडतो आणि ते हप्त्यावरून सहज लक्षात येत नाही.

१,२०,००० रुपये नेमके कुठे गेले

तक्ता भरताना तीन देण्यांचा संबंध उघड झाला. तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडले, तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ते शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. ही सवलत जाऊ नये म्हणून मार्च २०२३ मध्ये या कुटुंबाने अडीच तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवून ९०,००० आणि मेहुण्याकडून ४०,००० उचलले आणि सोसायटीचे १,२०,००० भरले. ‘नवे-जुने’ म्हणतात ते हेच. मे महिन्यात सोसायटीचे नवे १,२०,००० हाती आले, तेव्हा त्यातून पाटल्या सोडवायच्या होत्या. पण त्याच महिन्यात नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचे लग्न होते आणि ती रक्कम तिथे खर्च झाली. परिणामी शून्य टक्क्याच्या कर्जाच्या मागे दहा टक्क्यांचे सोनेतारण आणि नात्यातली उसनवारी उभी राहिली, आणि पेरणीसाठी हातात काहीच उरले नाही. लग्न करायला नको होते, असे कोणीही म्हणणार नाही. पण त्या लग्नाचा खर्च सोने, सोसायटी आणि माहेर अशा तीन खात्यांत विखुरल्यामुळे तो कुणालाच दिसत नव्हता.

घरात पडलेला कापूस

२०२२ मध्ये कापसाने क्विंटलला १०,००० रुपयांचा पल्ला ओलांडला होता. त्या आठवणीवर पुढच्या हंगामात खान्देशातील असंख्य शेतकऱ्यांनी कापूस घरात ठेवला आणि भाव मात्र उतरत गेले. या घरातही जून २०२३ मध्ये नऊ क्विंटल कापूस पुढच्या खोलीत पडून होता. जानेवारीत खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याने ८,००० च्या आसपास मागितलेला तो माल आता ६,९०० ला मागितला जात होता. मुलांच्या अंगाला खाज सुटत होती, वजन घटत होते, तरी इतके थांबलो तर आणखी थोडे थांबू, असे वडिलांचे मत होते. त्यांचे म्हणणे अडाणीपणाचे नव्हते. भाव वाढलेले त्यांनी स्वतः पाहिले होते.

या वेळी शीटचा खरा उपयोग झाला. कार्डाच्या ४८,००० वर महिन्याला १,६८० रुपये व्याज आणि त्यावर ३०२ रुपये जीएसटी, असे १,९८२ रुपये लागत होते. किमान भरणा थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे २,४०० होता, आणि त्यातून मुद्दल फक्त ४१८ रुपयांनी कमी होत होते. किती हप्ते लागतील हे सांगणाऱ्या एनपर सूत्राने पाहिले तर कार्डावर एक रुपयाचीही नवी खरेदी न करता दरमहा २,४०० भरत राहिल्यास फेडीला ४३ महिन्यांहून अधिक लागणार होते आणि एकूण भरणा १,०३,००० च्या वर जाणार होता.

आता हे १,९८२ रुपये नऊ क्विंटलांवर वाटले, तर क्विंटलमागे महिन्याला २२० रुपये येतात. म्हणजे कापूस विकून कार्ड बंद करण्याऐवजी तो घरात ठेवायचा असेल, तर भाव दर महिन्याला किमान २२० रुपयांनी वाढला पाहिजे. सप्टेंबरपर्यंत थांबायचे तर ६,९०० चा भाव ७,५६० च्या वर गेला पाहिजे, आणि वजनातली घट त्यात अजून धरलेलीच नाही. भाव वाढेल की नाही, या प्रश्नावर घरात महिनोन्‌महिने वाद चालला होता. किती वाढला तर परवडेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता, कारण कापूस वडिलांचा होता आणि कार्ड मुलाचे होते. दोन्ही गोष्टी एका पानावर आल्यावर वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि व्यापाऱ्याला स्वतःच बोलावले.

नऊ क्विंटलांचे ६२,१०० आले, हमाली आणि गाडीभाडे जाऊन ६१,००० उरले. त्यातून ४८,००० भरून कार्ड शून्यावर आणले आणि त्याच आठवड्यात ते बंद करण्याचा लेखी अर्ज दिला. देणे पूर्ण भरलेले असेल तर असा अर्ज सात कामाच्या दिवसांत पूर्ण करणे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेला दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. उरलेले १३,००० पेरणीला ठेवले. ८५३ रुपयांची कपाशीच्या बियाण्याची सात पाकिटे रोखीने घेतली, त्याला ५,९७१ रुपये लागले, आणि बाकीची रक्कम पहिल्या खताला गेली.

शीटची मांडणी

शीट बायकोने सांभाळली. शिवणकामाचे हिशेब ती आधीपासून वहीत काटेकोरपणे ठेवत होती, त्यामुळे हे काम तिच्याकडे जाणे स्वाभाविक होते. एकाच फाइलमध्ये तीन पाने केली. पहिल्या पानावर वरचा कर्जाचा तक्ता, दुसऱ्यावर रोजची नोंद आणि तिसऱ्यावर हंगाम. फाइल नवरा-बायको दोघांच्या मोबाइलवर उघडत असे आणि वडिलांसाठी कर्जाचे पान दर महिन्याला छापून भिंतीवर लावले जाई.

रोजच्या नोंदीच्या पानावर तारीख, प्रकार, रक्कम आणि कोणी खर्च केला, एवढेच रकाने ठेवले. सुरुवातीला बेरीज जुळेना. रक्कम लिहिताना सवयीने ‘५००/-’ असे लिहिले जात होते आणि शीट त्या खणातील मजकूर अंक म्हणून घेतच नव्हती. तसेच ‘किराणा’ आणि ‘कीराणा’ असे दोन प्रकार तयार होऊन एकाच खर्चाच्या दोन बेरजा पडत होत्या. रकमेच्या खणात फक्त अंक आणि प्रकारासाठी निवडायची यादी लावल्यावर हे दोन्ही दोष गेले. खर्चाच्या नोंदीतून मोठी बचत निघाली असे मात्र झाले नाही. घर आधीच काटकसरीने चालत होते आणि चहा-नाश्त्यात कर्जाचे उत्तर दडलेले असते, हे मला पटत नाही. नोंदीचा उपयोग एवढाच झाला की १,१०० रुपयांची शिल्लक कागदावर न राहता दर महिन्याला खरोखर बाजूला पडू लागली.

तिसरे पान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे न घेता जून ते मे, म्हणजे मृगापासून पुढच्या आखाजीपर्यंत घेतले. आखाजीला खान्देशात सालदारांचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतमजुरांचे, करार होतात आणि शेतीचे वर्ष तिथेच उलटते. हिशेबाचे वर्षही तेच असावे, हे वडिलांनी सुचवले. कापसाच्या उत्पन्नासाठी चांगला, मध्यम आणि वाईट असे तीन रकाने केले : २४ क्विंटल, १८ क्विंटल, १२ क्विंटल. भाव तिन्हींमध्ये ६,५०० धरला. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० होता, पण ओलावा आणि प्रत पाहता तो मिळेलच असे धरून चालणे योग्य नव्हते. प्रत्येक रकान्याखाली त्या पैशाचे वाटप आधीच लिहिले. हंगामाचा पैसा यायच्या आत त्याची जागा ठरलेली असावी, एवढाच त्यामागचा विचार. वाईट रकान्यातही मका, बोनस आणि पगारातील शिल्लक धरून साधारण १,३५,००० जमत होते, म्हणजे सोसायटी आणि सोन्याचे व्याज निघत होते. कृषी केंद्राची उधारी मात्र अंगावर राहत होती.

ऑगस्टचा खंड आणि डिसेंबरचा मोह

ऑगस्ट २०२३ मध्ये पावसाने दीर्घ दडी मारली. देशभरात १९०१ पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि या शेतातल्या कपाशीची वाढ थांबली, पाते गळाले. वेचणी सोडून हंगामाचा खर्च ५५,००० झाला. त्यातले १३,००० जुन्या कापसाचे होते. कार्डाचा हप्ता सुटल्यामुळे जुलै ते ऑक्टोबर दरमहा ३,५०० शिल्लक पडून १४,००० मिळाले, आणि जुलैचा पीएम-किसानचा व ऑक्टोबरचा नमो शेतकरी महासन्मानचा हप्ता मिळून ४,००० आले. उरलेले २४,००० उधारीवर न्यावे लागले आणि कृषी केंद्राचे देणे ६०,००० वर गेले. भिंतीवरच्या कागदावर एक आकडा वाढलेला पाहून घरात निराशा आली होती. परंतु तो का वाढला आणि त्याचा दर किती, हे माहीत असल्यामुळे घाईने दुसरे कर्ज काढले गेले नाही.

नोव्हेंबरात १८ क्विंटल मका झाला, मळणीचा खर्च जाऊन ३२,००० हाती आले आणि त्यातले ३०,५०० कृषी केंद्रात भरले. कापूस एकूण १५ क्विंटल झाला. डिसेंबरात नऊ क्विंटल ६,८५० ने आणि फेब्रुवारीत सहा क्विंटल ६,७०० ने गेला. किलोमागे १० रुपये वेचणी आणि गाडीभाडे जाऊन पहिल्या विक्रीचे ५१,५०० आणि दुसरीचे ३३,५०० उरले.

डिसेंबरात ५१,५०० रुपये खात्यात पडले, तेव्हा नवऱ्याचे म्हणणे होते की ते पतसंस्थेत भरावेत, कारण कार्ड गेल्यानंतर तक्त्यात सर्वांत वरचा दर तिचाच, १५ टक्के होता. जास्त दराचे कर्ज आधी, हा नियम त्याने वाचला होता आणि तो नियम चुकीचा नाही. पण त्या नियमात दर कायम राहतो असे गृहीत धरलेले असते. सोसायटीच्या कर्जाचा दर ३१ मार्चपर्यंत शून्य आणि नंतर सात टक्के होता. त्यामुळे शेवटचा रकाना, ‘मुदत चुकल्यास’, इथे कामाला आला. ५१,५०० पतसंस्थेत भरले असते तर महिन्याला ६४४ रुपये, म्हणजे मार्चअखेरपर्यंतच्या चार महिन्यांत सुमारे २,५७५ रुपये व्याज वाचले असते. सोसायटी चुकली असती तर १,२०,००० वर सात टक्क्यांनी ८,४०० रुपये लागले असते, नवे पीक कर्ज मिळाले नसते आणि पुढची पेरणी पुन्हा उधारीवर गेली असती. किंवा मागच्यासारखे दागिने आणि उसनवारीवर नवे-जुने करावे लागले असते. म्हणून कर्जाचा क्रम लावताना आजच्या दराबरोबर चुकल्यानंतरचा दरही शेजारी हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. शेतीच्या घरासाठी केलेल्या कोणत्याही शीटमध्ये हा एक रकाना नसेल, तर बाकीची सूत्रे कितीही बिनचूक असली तरी क्रम चुकतो.

ते पैसे नवऱ्याच्या पगाराच्या खात्यात न ठेवता वेगळ्या बचत खात्यात ठेवले, ज्याचे एटीएम कार्ड घेतलेच नव्हते. मोबाइलचे हप्ते ऑक्टोबरात संपल्याने नोव्हेंबरपासून दरमहा ५,५०० शिल्लक पडू लागले. पाच महिन्यांचे २७,५०० झाले. दिवाळीच्या १२,००० च्या बोनसपैकी ५,००० सणाला आणि ७,००० या खात्यात गेले. नोव्हेंबरात पीएम-किसानचे २,००० आले आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला पीएम-किसानचा एक आणि नमो शेतकरीचे दोन, असे तीन हप्ते एकदम येऊन ६,००० जमा झाले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वडिलांनी सोसायटीत १,२०,००० रोख भरले आणि बँकेत ९,००० रुपये व्याज देऊन सोनेतारणाचे नूतनीकरण केले. कुणाकडून न उचलता नवे-जुने झालेले हे अनेक वर्षांतले पहिलेच वर्ष आहे, असे त्यांनी सांगितले.

मेहुण्याचे पैसे

या सगळ्यात खरी ओढाताण ४०,००० च्या हातउसन्यावरून झाली. दर शून्य असल्यामुळे शीट ती रक्कम नेहमी खाली ढकलत होती. बायकोचे म्हणणे होते की व्याज नाही म्हणून ते देणे हलके ठरत नाही; आखाजीला माहेरी जायचे आणि भावाला तोंड दाखवायचे तर शब्द पाळला पाहिजे. तिचे म्हणणे मला पूर्ण रास्त वाटते. ज्या देण्याची किंमत टक्क्यांत मावत नाही, त्याचा क्रम माणसांनीच ठरवायचा असतो. म्हणूनच तिने ‘मुदत चुकल्यास’ या रकान्यात त्या ओळीपुढे ‘नाते’ असा शब्द लिहिला होता आणि तो पुसायला कोणी सांगितले नाही.

पूर्ण रक्कम देणे शक्य नव्हते. परंतु हे मे महिन्यात कळण्याऐवजी जानेवारीतच कळले, हा फरक पडला. दोघे भावाकडे गेले, मोबाइलवर हंगामाचे पान दाखवले आणि आखाजीला ११,००० व उरलेले दरमहा देण्याचे ठरवून आले. १० मे २०२४ ला, आखाजीच्या दिवशी, ११,००० दिले गेले.

जून २०२४ ची स्थिती

सोसायटीचे नवे १,२०,००० आले ते बचत खात्यातच राहिले. त्यातून कृषी केंद्राचे उरलेले २९,५०० चुकते केले. ती उधारी बियाणे, खत आणि फवारणीचीच असल्यामुळे पीक कर्जातून ती भरणे योग्य होते. सोने त्या पैशातून सोडवावे, असा विचार एकदा निघाला. दहा टक्क्यांच्या जागी शून्य टक्के, हा हिशेब वरवर बरोबर होता, पण मागच्या वर्षी पेरणीचा पैसा इतरत्र गेल्यानेच हा फेरा सुरू झाला होता, म्हणून तो विचार सोडला. उरलेले ९०,५०० पेरणी, फवारणी आणि वेचणीसाठी राखले.

कार्ड, मोबाइल आणि कृषी केंद्र ही तीन देणी संपली. पतसंस्थेचे ५७,६००, सोनेतारणाचे ९०,०००, मेहुण्याचे २९,००० आणि सोसायटीचे १,२०,०००, असे २,९६,६०० रुपये देणे राहिले. वर्षात १,५४,६५० कमी झाले, आणि मागच्या जूनच्या उलट या वेळी पेरणीला रोख रक्कम हाती होती. २०२४ मध्ये ८६४ रुपयांना झालेली बियाण्याची पाकिटे आणि खत सगळे रोखीने, पाच टक्के सूट घेऊन आले.

दुबळी जागा एकच, पण मोठी होती. आजारपण किंवा अपघातासाठी वेगळी रक्कम या घराकडे नव्हती. वर्षभरात तसे काही घडले नाही, म्हणून आकडे जुळले. त्यासाठी शीटमध्ये एक ओळ घालावी, असे मी सुचवले. त्यावर बायकोने पर्याय असा मांडला की नोव्हेंबरपर्यंत दरमहा ५,५०० भावाला जातील, ते देणे संपले की तीच रक्कम वर्षभर या ओळीत जाईल आणि पाटल्या कापसाच्या पैशातून सुटतील. पतसंस्थेचा शेवटचा हप्ता मे २०२५ मध्ये होता, आणि त्यानंतर सुटणाऱ्या ५,२०० रुपयांपुढे तिने तेव्हा काहीही लिहिलेले नव्हते.